बाबांची बंदूक आणि परसातली खोली

आमच्या घरात तथागतांची मूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे आणि एक दुनळी बंदूकही आहे. पहिल्या दोन गोष्टी आल्यागेल्याला दिसतात. तिसरी दिसत नाही. पण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तिचा धाक मला आहे. आज तिच्याविषयी चार शब्द लिहिते, कारण आपल्या समाजात माजी सैनिकांची आणि गार्डची नोकरी केलेल्यांची घरे पुष्कळ आहेत.

बंदूक माझ्या सासऱ्यांची. बाबा सतरा वर्षे महार रेजिमेंटमध्ये होते. सागरच्या केंद्राच्या गोष्टी ते अजून सांगतात. सुभेदार रामजींच्या काळात आपल्या लोकांना सैन्याची दारे कशी बंद झाली, शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे कसे अर्ज केले, पहिल्या महायुद्धात उभी राहिलेली १११ महार पलटण १९२१ मध्ये कशी मोडली आणि मग १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट कशी उभी राहिली, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाले. निवृत्तीनंतर बाबांनी परवाना काढला, बारा बोअरची बंदूक घेतली आणि पैशांच्या गाडीवर गार्ड म्हणून राहिले. त्या बंदुकीवर माझ्या यजमानांचे शिक्षण झाले, दोन नणंदांची लग्ने झाली. तेव्हा तिला नुसते वाईट कसे म्हणू?

बाबांची नोकरी २०१३ मध्ये संपली. बंदूक मात्र गेली नाही. विषय काढला की बाबा एकच शब्द बोलत, ‘खैरलांजी.’ २९ सप्टेंबर २००६ नंतर हा शब्द उच्चारला की आपल्या घरात पुढे कोण बोलणार? मीही गप्प बसे.

दोन खोल्यांचे घर, माणसे आठ. बंदूक पूर्वी दाराआड खुंटीवर असे, पोरे रांगायला लागल्यावर बाबांनी ती खाटेखालच्या लोखंडी ट्रंकेत ठेवली. काडतुसेही त्याच ट्रंकेत, बाबांच्या जुन्या गणवेशाखाली. किल्ली बाबांच्या जानव्याला म्हणणार होते, पण आपल्याकडे जानवे नाही, करगोटा असतो. असो.

२०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री धाकटे दीर पिऊन आले. जाऊबाईंशी काही बोलणे झाले आणि ते ट्रंकेकडे धावले. ‘आज बंदूकच काढतो,’ म्हणाले. कुलूप होते म्हणून निभावले. जाऊबाई दोन्ही लेकरांना घेऊन माझ्या अंथरुणाशी येऊन बसल्या, सकाळपर्यंत हलल्या नाहीत. मी वस्तीत दारूबंदीसाठी बायकांच्या बैठका घेते, लोकांच्या घरची भांडणे सोडवते. त्या रात्री मला उमगले की खैरलांजीच्या भीतीने जपलेल्या बंदुकीपुढे इतक्या वर्षांत कोणी जातीयवादी आला नव्हता. तिच्यापुढे आली होती आमचीच सून.

सकाळी मी बाबांना म्हटले, ‘बंदूक घरात नको.’ बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘परसात खोली बांधू. ती आणि मी, दोघे तिकडे राहू.’

आमच्या परसात न्हाणीच्या बाजूला कडुनिंबाखाली दहा बाय आठची जागा होती. बचत गटातून कर्ज काढले. बी.कॉम. झालेली कारकून घरात आहे, त्यामुळे वहीत पै-पैचा हिशेब आहे: विटा, सिमेंट, पत्रे, दार, कडी-कोयंडा, गवंड्याची मजुरी मिळून अडतीस हजार. लोखंडी कपाट जुन्या बाजारातून आणले आणि त्याचे पाय फरशीत बोल्टने आवळले. परवान्याच्या अर्जातच विचारलेले असते की शस्त्र ठेवायला सुरक्षित जागा आहे काय. आम्ही इतकी वर्षे ‘आहे’ म्हणत होतो, ती जागा आता कुठे तयार झाली.

खोली बांधून होते तोच दीरांनी नवी टूम काढली. शुद्धीवर असले की ते मोठे कामसू. म्हणाले, ‘बाबा, इथे एक टेबल मांडू. रिकामी काडतुसे आहेत, ती पुन्हा भरू. जुने शिकारी घरीच भरत. विकत घेण्यापेक्षा स्वस्त.’ बाबांचे डोळे चमकले. हाताला काम नसलेल्या सैनिकाला असले काम म्हणजे सणच. मी घाबरले आणि वरणगावच्या काकांना निरोप धाडला.

काका आमच्या नात्यातले, वरणगावच्या आयुध निर्माणीत सारा जन्म काढलेले. २०२१ पासून ती निर्माणी म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेली, पण काका अजून फॅक्टरीच म्हणतात. आले, खोली पाहिली, पत्र्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. एप्रिल महिना होता. भुसावळचे ऊन वाचकांना सांगायला नको.

‘सूनबाई, काडतूस या पत्र्याखाली ठेवायचे नाही,’ ते म्हणाले. ‘उष्णतेने आतली दारू नासते. ओलीने त्याहून लवकर.’ जुन्या काळी कागदाच्या नळीची काडतुसे असत, ती पावसाळ्यात फुगून बंदुकीच्या नळीत अडकत, हेही त्यांनी सांगितले. दीरांनी पत्र्यावर कडबा टाकायची युक्ती सुचवली. काका हसले. ‘दारूच्या खोलीवर वाळला कडबा? वा रे इंजिनियर!’ शेवटी पत्र्याला चुन्याचे दोन हात दिले.

मग भरण्याचा विषय निघाला. बाबांनी काडतूस तळहातावर घेऊन दाखवले: तळाला पितळी बूड, मध्ये टोपी, आत दारू, त्यावर बूच, त्यावर छर्रे. काका म्हणाले, ‘हे खडकीच्या कारखान्यात होते. तिथे प्रत्येक वजन मोजून होते. दारूच्या इमारतीत शिरताना आम्ही काडीपेटी बाहेर ठेवायचो, अंगात सुती कपडे, पायात बिनखिळ्यांचे बूट, आणि दाराशी तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज उतरवायची. इतके करूनही माणसे गेली आहेत. तुझ्या घरात न्हाणीच्या चुलीची ठिणगी दहा पावलांवर. दारू जरा जास्त पडली तर नळी फुटते, आणि नळी कुणाच्या तोंडाजवळ असते?’

दीर गप्प झाले. कायद्याचे मी सांगितले, कारण पुस्तक मीच आणून वाचले होते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दारूगोळा बनवण्याचा वेगळा. विनापरवाना दारूगोळा बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे कैद, वर जन्मठेपेपर्यंत. काडतुशीमागे शंभर-पन्नास रुपये वाचवायला एवढी किंमत! टेबल काही मांडले गेले नाही.

पण पत्र्याच्या तापाने एक भले झाले. काडतुसे घरातल्या थंड खोलीत आली, डब्यात कुलूपबंद, आणि किल्ली आत्याबाईंच्या कनवटीला गेली. बंदूक परसात, काडतूस घरात. एक किल्ली बाबांकडे, दुसरी आत्याबाईंकडे. आता दोघांचे एकमत झाल्याशिवाय ती बंदूक भरली जाणार नाही, आणि त्या दोघांचे एकमत मी वीस वर्षांत पाहिलेले नाही.

त्या दिवशी जेवताना काकांनी मला एक प्रश्न केला. विहारातल्या एका प्रवचनात त्यांनी ऐकले होते की तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आणि त्यात पहिला शस्त्रांचा. ‘मग सूनबाई, मी छत्तीस वर्षे गोळ्या केल्या, ती सम्यक् आजीविका नव्हे काय?’

अंगुत्तर निकायात तसे आहे, हे मला ठाऊक होते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, तो मी सांगितला. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, तत्त्व माणसाला विचार करायला मोकळीक देते, असेही सांगितले. काका मान हलवत राहिले, पण त्यांचे समाधान झाले नाही, हे मला दिसत होते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. ज्या काळात आपल्या माणसाला दुसरे दार उघडे नव्हते त्या काळात फॅक्टरीच्या फाटकाने आपल्याला पोटभर अन्न, क्वार्टर आणि मुलांना शाळा दिली. त्या भाकरीला दोष देण्याचा अधिकार मला नाही. एवढेच मी म्हणाले आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली.

पुढचा पेच अवघड निघाला. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, की शस्त्र वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. बाबांना सत्तर पूर्ण झालेली. दीरांनी अर्ज आणला. इतर वारसांचे ना-हरकत पत्र हवे होते. आमच्या यजमानांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि बाहेर निघून गेले. भावाला नाही म्हणायचे कोणी, हा प्रश्न पुरुषांनी असा सोडवला.

मी कागद घेऊन परसात गेले. बाबा बंदुकीच्या नळीतून तेलाची चिंधी ओढत होते. ‘बाबा,’ मी म्हटले, ‘जाऊबाईंची सही या कागदावर कुठेच लागत नाही. पण विचारायचे तर त्यांनाच विचारा.’

त्यांनी विचारले की नाही ते मला माहीत नाही. आठ दिवसांनी त्यांनी आपल्या हाताने एक कागद लिहिला: आपल्या माघारी बंदूक ताबडतोब पोलीस ठाण्यात जमा करावी, कोणीही ती आपल्या नावावर मागू नये. कागद कपाटात परवान्याच्या पुस्तकाशेजारी आहे. दीर माझ्याशी सात महिने बोलले नाहीत. आता बोलतात, पण ‘वहिनी’ म्हणायचे टाळतात. दारू कमी झाली आहे, सुटलेली नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ठाण्यातून निरोप आला आणि बाबा नेहमीप्रमाणे बंदूक जमा करून पावती घेऊन आले. १३ मेला आमच्याकडे मतदान झाले. त्या महिनाभर कपाट रिकामे होते. तरी रात्री दहाला परसात कडी वाजायची, टॉर्चचा उजेड फिरायचा. मी खिडकीतून पाहिले तर बाबा कपाटाचे कुलूप ओढून बघत होते. आत पावती होती.