गाडी लावणे

पुण्यात ‘पार्क’ म्हटले की पूर्वी आमच्या डोळ्यांसमोर सारसबागेजवळचे पेशवे पार्क येई. आता दोन मोटारींमधली रिकामी जागा येते. इंग्रजीत पार्क म्हणजे मुळात कुंपण घातलेले शिकारीचे रान. पुढे लष्करात तोफा व गाडे ओळीने उभे करण्याच्या जागेला तेच नाव मिळाले आणि त्यावरून क्रियापद झाले. आपला ‘वाहनतळ’ही छावणीचीच आठवण देतो. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर वसलेल्या छावणीच्या भागाला पुणेकर अजून ‘लष्कर’ म्हणतात. तळ आता शहरभर पडला आहे.

बोलताना मात्र आपण गाडी ‘लावतो’. दिवा लावावा, रोप लावावे, जीव लावावा. त्याच क्रियापदाने गाडीही लावावी. लावणे म्हणजे काळजीने जागी ठेवणे. रस्त्याच्या कडेला, दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावताना हे विशेष जाणवते. पुढच्या गाडीच्या बरोबरीला यायचे, चाक वळवायचे आणि मागे सरत जागेत शिरायचे. थेट नाक खुपसणाऱ्याला तेथे जागा मिळत नाही. अशा वेळी अनोळखी पानवालाही “येऊ द्या, येऊ द्या... बस्स!” म्हणत मदतीला धावतो.

शहरातील अनेक रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ अशा पाट्या आहेत. विषम तारखेला एका कडेला गाड्या, सम तारखेला दुसऱ्या. आज भार आमच्या दारी, उद्या समोरच्यांच्या. ३१ तारखेनंतर १ तारीख आली की पी-१ च्या कडेला तो सलग दोन दिवस सोसावा लागतो. त्यावरून भांडण झालेले आम्ही ऐकलेले नाही.

गल्लीबोळांत मात्र अशी पाटी नसते. गेल्या पावसाळ्यात आमच्या पेठेतील एका आजोबांना न्यायला रात्री रुग्णवाहिका आली, ती कोपऱ्यावरच अडली. चौघांनी आजोबांना खुर्चीत बसवून भर पावसात तेथवर नेले. आजोबा वाचले. दुतर्फा उभी असलेली प्रत्येक गाडी भिंतीला टेकून, आरसे मिटून नीट लावलेली होती. दोन्हींमधली वाट कोणी पाहिली नव्हती.

गाडीला कुलूप घातल्यावर एकदा मागे वळून पाहावे. उरलेल्या जागेतून रुग्णाला नेता येईल काय? येत असेल तर गाडी लागली. नसेल तर वाट लागली.