चिखलवाटेवरची सायकल

भिवंडीत सायकल माणसाच्या आयुष्यात लवकर येते. सीटवर बसून पाय पोचत नाहीत, त्या वयात मधल्या दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल शिकले जाते. पुढे त्याच सायकलच्या कॅरिअरवर यंत्रमागाचे तागे लादले जातात. मग मोटरसायकल येते आणि सायकल भिंतीला लागते. हल्ली ती उतारवयाआधी एकदा परत येते, जाड टायरची आणि गिअरची होऊन. पावसाळ्यातल्या रविवारी गटासोबत दुगाड-वज्रेश्वरीच्या बाजूला निघते.

ही माउंटन बाइक कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत घडली. तिथल्या तरुणांनी जुन्या, जड सायकली डोंगरउतारावर सोडल्या. 1976 साली सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीत मागचा ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. 1996च्या अटलांटा ऑलिंपिकपर्यंत हा खेळ पोचला.

इकडे दुगाडजवळच्या गुमतारा किल्ल्याच्या परिसरात खरी परीक्षा कातळ आणि चिखल एकत्र आल्यावर होते. काळा बेसाल्ट भिजून शेवाळला की त्यावर पुढचा ब्रेक दाबणे म्हणजे पडणेच. तिथे ब्रेक आधी मारायचा, दगडावर चाक मोकळे सोडायचे आणि हँडल वळवायचे नाही. चिकणमाती टायर आणि फोर्कच्या मधे ठासून बसते व चाक जागीच अडते. मग काटकीने ती उकरून काढण्याला पर्याय नसतो. रिमवरचे ब्रेक अशा वेळी नुसते घासतात. डिस्क हबजवळ, चिखलापासून उंच असल्यामुळे बराच काळ कामी येते. टायरमधली हवा थोडी कमी केली तर पकड वाढते. फार कमी केली तर ट्यूब दगड आणि रिममध्ये चिमटून एकदम दोन भोके पडतात.

गटात पुढच्याच्या चाकाला चिकटून जाणे चुकीचे, कारण तो घसरला की मागचाही त्याच्यावर जातो. सर्वांत शेवटी अनुभवी माणूस हवा. पंक्चर झालेला मागे एकटा राहता कामा नये. सायकल उचलून चालण्यात कमीपणा कसला? तांसा नदीला पूर असेल तर परत फिरणेच योग्य.

आवणीच्या दिवसांत शेताच्या बांधावरून तर सायकल मुळीच नेऊ नये. भिजलेला बांध चाकाने खचतो, खाचरातले पाणी वाहून जाते आणि नुकतीच लावलेली रोपे उघडी पडतात. अशा ठिकाणी गटाने खाली उतरून, शेतकऱ्याला विचारून, तो दाखवील त्या वाटेनेच पुढे जावे.