तहान ओळखताना

पाण्याने झाड मरते, हे मराठवाड्यातील माणसास पटवून देणे कठीण. 2016 साली लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते या मुलखाच्या अजून स्मरणात आहे. आलेल्याच्या हाती प्रथम पाण्याचा तांब्या द्यावा, ही येथील रीत. आमच्या हिंगोलीतील शेजारच्या आजींनी, मुलाने पुण्याहून आणून दिलेल्या ऑर्किडला त्याच मायेने वागविले. फुले गळाली, पाने मलूल झाली. त्या रोज पाणी घालीतच राहिल्या. अखेर ती कुंडी जिन्याखाली गेली. टाकून देण्यास मात्र आजींचे मन होईना, म्हणून फाल्गुनात आम्ही ती घरी आणली.

झाड उपसताच कुबट वास आला. शेवाळ चिंब भिजलेले, मुळे तपकिरी. चिमटीत धरताच साल सुटून आत नुसता दोरा उरे. आमरीच्या कुळातील हे फॅलेनॉप्सिस मातीतले नव्हेच. रानात ते वृक्षांच्या खोडास बिलगून राहते. त्याच्या मुळांवरील स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी झटकन शोषते आणि वाऱ्यावर सुकते. सतत ओल राहिली की मुळांचा श्वास कोंडतो, ती कुजतात, आणि कुजलेली मुळे पानांना पाणी पोहोचवीत नाहीत. भरल्या कुंडीत झाड तहानेने सुकते. पाहणारा आणखी पाणी घालतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातही बंद, दमट काचगृहांत असंख्य ऑर्किड मेली. 1830 च्या दशकात जोसेफ पॅक्स्टनसारख्या उद्यानतज्ज्ञांनी हवा खेळती ठेविली, तेव्हा ती तगू लागली.

आम्ही तापविलेल्या पात्याने कुजका भाग कापला. चार टणक मुळे उरली. भोके असलेल्या मातीच्या कुंडीत कोळसा व विटांचे तुकडे घालून झाड बसविले आणि चार दिवस कोरडे ठेविले. पुढे मुळे रुपेरी दिसली तरच सकाळी पाणी दिले. वैशाखात कुंडीखाली खडे व पाणी घातलेली परात ठेवून भोवतालची हवा ओलसर राखली. आषाढात हिरव्या टोकाचे एक नवे मूळ डोकावले.

आजींना काय सांगावे, हा खरा पेच होता. “तुमच्या पाण्याने झाड मरत होते,” हे शब्द त्यांच्या मायेवर घाव घालणारे. आम्ही काही न बोलता त्यांना मुळे दाखविली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

“पानं सुकली होती, तहानलं असंल म्हणून घातलं की हो पाणी.”

“तहानलेलंच होतं, आजी,” आम्ही म्हणालो.

फूल अद्याप आलेले नाही. आजी मात्र रोज सकाळी येतात, चष्मा सावरून मुळे न्याहाळतात आणि तांब्या खाली ठेवीत म्हणतात, “आज नको.”