फुफ्फोंची दावत

नहारी आणि बिर्याणी एकाच दस्तरख्वानावर मांडायची की नाही, यावर आमच्या घरात मंगळवारी रात्री वाद सुरू झाला आणि गुरुवारी सकाळपर्यंत मिटला नाही. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणत होत्या की नहारी हेच पुरं जेवण आहे, शेजारी बिर्याणी ठेवली की दोघींचाही अपमान. नवऱ्याचं म्हणणं, कराचीहून माणसं आलीत आणि ताटात बिर्याणी नाही, हे कसं दिसेल? मी कोल्हापूरची. तांबडा, पांढरा आणि सुकं एकाच ताटात पाहत वाढलेलीला या विषयात मत असणार नाही, असं दोघंही धरून चालले होते. पण चुलीशी मीच उभी राहणार होते, त्यामुळे निकालही मीच दिला. दोन्ही करायचं.

पाहुणे म्हणजे मुख्यतः फुफ्फो, माझ्या नवऱ्याच्या आत्या. वय ऐंशीच्या जवळ, गुडघे दुखतात, जीभ मात्र तरण्या माणसाची. त्यांच्याबरोबर माझी मोठी नणंद, आपा. तिचे यजमान, म्हणजे माझे नंदोई, पेशावरजवळच्या चारसद्द्याचे पठाण. त्यांचा मुलगा आणि त्याची लाहोरची नवी बायको. त्यात बर्मिंगहॅममधले दीर, जावा आणि पोरंटोरं मिळवली की चौदा पानं. ही सगळी मंडळी मला भेटू शकतात ती इथेच, बर्मिंगहॅममध्ये. माझं लग्नही दुबईत झालं, कारण दोन्हीकडच्यांना एकमेकांच्या देशाचा व्हिसा मिळवण्यापेक्षा तिथला मिळवणं सोपं होतं. कराचीचं सासर मी अजून पाहिलेलं नाही.

पाकिस्तानी जेवण म्हटलं की आपल्याकडे एकच काहीतरी डोळ्यांसमोर येतं, लाल, तेलकट, मसालेदार. माझंही लग्नाआधी तसंच होतं. चौदा माणसांचा बेत करायला बसलं की कळतं, असं एक जेवण नाहीच. सासरचे लोक मूळ दिल्लीचे, फाळणीनंतर कराचीला गेलेले. त्यांची नहारी दिल्लीहून आलेली. नंदोई पठाण; त्यांना मसाला म्हणजे मांसाची चव झाकायची युक्ती वाटते. मीठ, चरबी, टोमॅटो, हिरवी मिरची, झालं. लाहोरच्या मुलीला बिर्याणीत बटाटा पाहिला की हसू येतं, आणि बटाटा नसेल तर फुफ्फो त्या बिर्याणीला पुलाव म्हणतात. म्हणून बेत ठरला तो असा: फुफ्फोंसाठी नहारी आणि बटाट्याची बिर्याणी, नंदोईंसाठी चपली कबाब, नव्या सुनेसाठी ढाब्यावर मिळते तशी माश की दाल. माश म्हणजे आपला उडीद. पांढरी डाळ मोकळी शिजवून आलं-मिरचीवर परतायची, वर लोणी. जुलै असल्यामुळे गोडाचा प्रश्न निम्मा सुटला होता. हापूस कधीच संपला होता, पण इथल्या स्पार्कहिल भागातल्या दुकानांबाहेर पाकिस्तानी चौसा आंब्याच्या पेट्या फुटपाथपर्यंत रचलेल्या होत्या. चौसा कापायचा नसतो, माचून चोखायचा असतो. हापूसवाल्यांनी मला माफ करावं, पण गोडीत तो कमी नाही. शिवाय खीर.

सगळ्यात अवघड गणित वेळेचं होतं. बर्मिंगहॅमला जुलैत सूर्य मावळतो रात्री साडेनवाच्या आसपास. सातला बोलावलं तर माणसं साडेआठला येणार, ताटं मांडेपर्यंत मगरिबची वेळ होणार आणि अर्धी पंगत नमाजला उठणार. तोवर बिर्याणीची वाफ गेली, नान चिवट झाले. यावर तोडगा काढला अम्मींनी. उजेड आहे तोवर मागच्या बागेत कबाब, मग मगरिब, मग जेवण. यात आणखी एक फायदा होता. चपली कबाब घरात तळला की धुराचा भोंगा वाजतो, आणि इंग्रजी घरातला तो भोंगा बंद करायला खुर्चीवर चढावं लागतं. आमच्याकडे बागेत वापरायची गॅसची मोठी शेगडी आहे. इथल्या बऱ्याच देशी घरांत असते.

खरेदी स्ट्रॅटफर्ड रोडला. या शहरातले शंभरातले 17 लोक पाकिस्तानी वंशाचे, असं 2021 च्या जनगणनेत नोंदलंय, आणि शनिवारी त्या रस्त्यावर गाडी लावायला गेलं की ते सगळे तिथेच आलेत असं वाटतं. म्हणून आम्ही गुरुवारीच गेलो. आमचा खाटीक मीरपूरकडचा. ब्रिटनमधली पाकिस्तानी कुटुंबं फार मोठ्या संख्येने त्याच भागातली आहेत. झेलम नदीवरच्या मंगला धरणाखाली त्यांची गावं गेली. धरण 1967 मध्ये पुरं झालं, लाखभर माणसं उठली, आणि त्यातली कितीतरी इथल्या कारखान्यांत येऊन पोचली. माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. कोयनेने उठवलेली आमची माणसं ठाणे, रायगड, सोलापूरकडे गेली. खाटकाला हे एकदा सांगितलं तेव्हापासून तो मला नळ्या जरा जास्त घालतो.

नहारीला लागते बोंग, म्हणजे बड्याच्या पोटरीचं मांस. शिरा आणि चिकटपणा भरपूर, म्हणून तासन् तास शिजवलं तरी त्याचा चोथा होत नाही. तीन किलो बोंग, मुठीएवढे तुकडे, वर नळ्या. बिर्याणीला दीड किलो मटण आणि दीड किलो बासमती. एवढ्या पदार्थांत माणशी शंभर ग्रॅम तांदूळ पुरतो, पण अम्मींच्या मते बिर्याणीच्या पातेल्याचा तळ पाहुण्याला दिसता कामा नये. कबाबाला खिमा जाडसर आणि चरबीसकट; कमी चरबीचा खिमा मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे आमचा खाटीक दयेने बघतो.

किराण्याच्या दुकानात रूह अफजाच्या दोन वेगळ्या बाटल्या असतात, एक दिल्लीच्या हमदर्दची आणि एक कराचीच्या. फाळणीनंतर हकीम अब्दुल हमीद दिल्लीत राहिले आणि धाकटे भाऊ हकीम मोहम्मद सईद कराचीला गेले. त्यांनी 1948 मध्ये तिथे वेगळं हमदर्द उभं केलं. फुफ्फोंना कराचीचीच बाटली लागते. ती घेतली. पुढच्या मांडणीवर मसाल्यांची पाकिटं. शान ही कराचीची कंपनी, 1981 पासूनची, आणि तिचं एक खपाऊ पाकीट आहे बॉम्बे बिर्याणीचं. कराचीत बनलेला मुंबईचा मसाला बर्मिंगहॅममध्ये विकत घेणारी कोल्हापूरची बाई, असं माझं वर्णन करता येईल. पाकीट वापरण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. त्यात मीठ फार असतं एवढं लक्षात ठेवायचं: पाकीट अर्धंच घालायचं, उरलेलं आपल्या हाताने. अम्मींनी मात्र घरी आल्याबरोबर पाकीट चहाच्या डब्यामागे लपवलं.

दावतीत सगळं हातघाईला आणायचं नसेल तर आधी कांदा तळून ठेवावा. तो नहारीवर लागतो, बिर्याणीत लागतो, रायत्यावर लागतो. दोन किलो कांदा पातळ चिरून शुक्रवारी सकाळी तळला. हवा तो रंग येण्याच्या जरा आधीच झाऱ्याने उचलायचा आणि कागदावर पसरायचा. बाहेर पडल्यावरही तो रंग चढवत राहतो. तासाभरात कुरकुरीत.

नहारी शुक्रवारी रात्री चढवली. बडीशेप, सुंठ, पिंपळी, मोठी वेलची, जायपत्री, सगळं भाजून कुटलेलं. बडीशेप एवढी पडते की पहिल्यांदा करताना हात अडतो. बोंग आलं-लसणावर परतून, मसाला घालून, भरपूर पाणी ओतून झाकण लावलं आणि आच अगदी बारीक केली. पहाटे अम्मी उठल्या त्या नमाजाआधी पातेल्यात डोकावून आल्या. नहारीची सगळी मेख तरीत आहे. वर आलेलं तांबडं तूप आधी डावाने काढून वाटीत ठेवायचं, मगच भाजलेल्या कणकेचं पाणी सोडायचं. कणीक आधी पडली तर ती सगळी तरी पिऊन टाकते आणि समोर येते ती मसालेदार लापशी. वाढताना तीच तरी वरून सोडायची. कटाच्या गावची असल्यामुळे हा धडा मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

शनिवारी दुपारी बिर्याणीचे थर लावले. मटण आधी शिजवलेलं, बटाटे हळदीच्या पाण्यात निम्मे उकडलेले, मध्ये आलुबुखारे. तांदळात एक कणी उरली की निथळायचा. त्या क्षणी फोन वाजला तरी घेऊ नये. बिर्याणी दमावर बसवली नाही, नुसती लावून ठेवली. आच द्यायची ती मगरिबच्या बेतानं. नानांची जबाबदारी नवऱ्याकडे. शनिवारी संध्याकाळी तंदूरवाल्याकडे रांग असते, म्हणून दुपारीच जाऊन वेळ ठरवून आला, आगाऊ पैसे देऊन.

पाहुणे आले, अर्थातच साडेआठला. कबाबाचं मिश्रण तयार होतं: खिमा, पिळून घेतलेला कांदा, टोमॅटो, जाड कुटलेले धणे, अनारदाणा, मक्याचं पीठ. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. मी पहिला कबाब तव्यात सोडला आणि नंदोईंनी माझ्या हातातून उलथनं काढून घेतलं. "भाभी, बुरा मत मानिए," म्हणाले, आणि कबाब थापायला लागले, माझ्यापेक्षा दुप्पट मोठा आणि निम्मा पातळ, कडा फाटलेल्या, मधोमध टोमॅटोची चकती दाबलेली. चार देशी बायका असलेल्या घरात जावई शेगडीपाशी घामाघूम उभा आहे, हे बघून अम्मींचा जीव वरखाली होत होता. नंदोई इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. कबाब ताटात पडायच्या आत पोरं पळवत होती.

नमाजानंतर दस्तरख्वान अंथरला तो दिवाणखान्यात जमिनीवर, फुफ्फोंना तेवढी खुर्ची. नळी कुणाच्या ताटात जाणार यावरून दोन दीर लहान मुलांसारखे भांडले. लाहोरच्या सुनेने बटाटे अलगद बाजूला सारत बिर्याणी खाल्ली आणि डाळ दोनदा मागून घेतली. डाळीचा अंदाज बरोबर निघाला याचा मला कबाबाहून जास्त आनंद झाला. फुफ्फो काहीच बोलत नव्हत्या. आल्याचे काप, लिंबू, कोथिंबीर सगळं घेऊन, नान बुडवून, सावकाश जेवत होत्या. मग मला विचारलं, "दिल्लीत अजून अशीच मिळते का गं?"

फुफ्फोंनी दिल्ली पाहिलेली नाही. त्यांचा जन्म कराचीत, फाळणीनंतर दोन वर्षांनी. मी भारतातली, म्हणून दिल्ली माझ्या गल्लीत असेल असं त्यांना वाटतं. मी सांगितलं की नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर कोल्हापूरहून दिल्लीपेक्षा कराची जवळ आहे. त्यांना ते पटलं नाही. फोनवर नकाशा काढून दाखवला, तेव्हा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग तू अजून आली का नाहीस?" आपाने विषय बिर्याणीवर नेला.

बिर्याणीचा मसाला कोणता, हे फुफ्फोंनी विचारलंच. अम्मींनी माझ्याकडे डोळे वटारले. मी म्हटलं, पाकिटाचा, निम्मा. "आणि कसा असणार?" फुफ्फो म्हणाल्या, "मी तर सबंध पाकीट घालते." अम्मी त्यानंतर खीर वाढायला स्वयंपाकघरात गेल्या त्या जरा वेळ बाहेर आल्या नाहीत.

खीर, चौसा, आणि नंदोईंनी स्वतः उकळलेला वेलदोड्याचा हिरवा कहवा, यात मध्यरात्र झाली. उरलेलं अन्न दह्याच्या रिकाम्या डब्यांतून घरोघर गेलं, फक्त नहारीचं पातेलं अम्मींनी कुणाला उघडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशीची नहारी पहिल्या दिवशीपेक्षा सरस, आणि ती खायची खरी वेळ सकाळचीच. रविवारी नऊला फुफ्फोंना घेऊन आपा आणि नंदोई पुन्हा दारात हजर. हातात लेडीपूल रोडवरून आणलेली हलवा-पुरी. पातेलं रिकामं झाल्यावर फुफ्फोंनी मला जवळ बोलावून विचारलं, त्या तुझ्या पांढऱ्या रश्श्याला नारळ किती लागतात? बुधवारी त्यांचं विमान होतं. मी म्हटलं, मंगळवारी या.