सज्जा

परगावी नोकरी करणाऱ्या माणसाचे निम्मे रविवार पाहुण्यांना गाव दाखवण्यात जातात, हा अनुभव या अंकाच्या बहुतेक वाचकांना असेल. जयपुरास बदली होऊन आल्यापासून आमेरचा किल्ला किती वेळा चढलो आणि जंतरमंतरातील सम्राटयंत्राची सावली किती जणांना समजावून सांगितली, याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली आहे. त्यामुळे गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, वडील येणार असे कळले तेव्हा चार दिवसांचा कार्यक्रम मी कार्यालयीन टिपणीसारखा क्रमवार लिहून ठेवला. अण्णांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि ते म्हणाले, "हे सगळं बघू रे. पण आधी मला तुमचा विमानतळ दाखव."

मी गोंधळलो. विमानतळ ही गाठण्याची जागा आहे. ती पाहायची जागा असते, हे माझ्या पिढीच्या मनातून पार पुसून गेले आहे. अण्णांच्या मनातून ते पुसलेले नव्हते. त्यांचा जन्म परळचा. आजोबा गिरणीत होते. त्या काळच्या मुंबईत बेताच्या प्राप्तीच्या घरांतून रविवारच्या सहलीची ठिकाणे ठरलेली असत: राणीचा बाग, चौपाटी, म्हातारीचा बूट आणि सांताक्रूझचा विमानतळ. विमानतळावर प्रेक्षकांसाठी सज्जा होता. विमानात पाऊल ठेवण्याची ज्यांची ऐपत नव्हती, कधी होईल अशी आशाही नव्हती, अशी माणसे तेथे कठड्याला छाती टेकून तासन्‌तास उभी राहत. आजी डब्यात पोळीचे लाडू घेई. पोरे विमानांच्या शेपटीवरची चिन्हे पाहून देश ओळखत, आणि चुकले तर भांडत. एप्रिल १९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले जंबो, 'एम्परर अशोक', मुंबईत उतरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत आजोबांनी चौदा वर्षांच्या अण्णांना मुद्दाम ते दाखवायला नेले. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजस्थानी झरोक्याची महिरप काढलेली होती. आजोबा म्हणाले होते, "बघ, राजवाडा उडतोय." पुढे तेच विमान १ जानेवारी १९७८ रोजी उड्डाण होताच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले आणि २१३ जीव गेले. अण्णा ही हकिगत सांगतात तेव्हा या ठिकाणी थोडे थांबतात, आणि मग पुन्हा महिरपींकडे वळतात.

एरवी ही हौस मी हसण्यावारी नेली असती. परंतु दोन वर्षांपूर्वी अण्णांना काचबिंदू असल्याचे निघाले. या रोगात नजर कडांकडून आत आवळत येते. औषधाने आहे तेवढी राखता येते. गेलेली परत मिळत नाही. अण्णांनी हे मला फोनवर, पावसाची बातमी द्यावी तशा स्वरात सांगितले होते. "मधलं नीट दिसतं. बाजूचं गेलं. नळीतून बघतोय असं समज." विमानतळ आधी पाहण्याची घाई कशासाठी होती हे मला समजले, आणि मी समजल्याचे दाखवले नाही.

माझा स्वतःचा विमानाशी संबंध एकाच प्रवासापुरता. आम्हा कारकुनांना दौऱ्यावर विमानाने जाण्याचा अधिकार नाही. वेतनस्तर सहाच्या खाली तो मिळत नाही. मात्र एल.टी.सी.च्या नियमांत अंदमानसाठी जी खास सवलत आहे तिच्या आधाराने मी सपत्नीक पोर्ट ब्लेअरला जाऊन आलो (२०२४ पासून त्या शहराचे नाव श्रीविजयपुरम आहे). वाटेत एका विमानतळावर, त्याचे नाव घेत नाही, आम्ही दोन पेले चहा घेतला. तेवढ्या पैशांत आमच्या कार्यालयाच्या उपाहारगृहात दोघांचा पंधरवडा निघाला असता. पेला गार होईपर्यंत मी घुटके मोजत होतो. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' निघाला आणि तेथे दहा रुपयांना चहा व वीस रुपयांना सामोसा मिळू लागला, ही बातमी मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवली, त्याचे कारण हे. पण त्या प्रवासातील चहापेक्षा दुसरीच एक गोष्ट ध्यानात राहिली. भिंतीएवढ्या काचांपलीकडे विमाने उभी होती, सरकत होती, उडत होती, आणि काचेकडे पाठ करून बसलेल्या शेकडो माणसांपैकी कोणीही त्यांच्याकडे पाहत नव्हते. ज्याला पाहायचे त्याला आत येऊ देत नाहीत, आणि जो आत येतो त्याला पाहायचे नसते.

सगळीकडे असे नाही म्हणतात. सिंगापुरात नोकरीला असलेला माझा मावसभाऊ रविवारी मुलांना घेऊन चांगी विमानतळावर जातो. तेथे २०१९ मध्ये उघडलेल्या 'ज्युएल' नावाच्या वास्तूत छतातून चाळीस मीटर खाली कोसळणारा धबधबा आहे, भोवती झाडी आहे, खाण्याची दुकाने आहेत, आणि तो पाहायला विमानाचे तिकीट लागत नाही. टोकियोच्या हानेडा विमानतळावर तर छतावर उघडे सज्जे अजून आहेत. आपल्याकडे मुंबईच्या नव्या टर्मिनलात २०१४ पासून 'जय हे' हे कलासंग्रहालय आहे, पाच हजारांहून अधिक वस्तूंचे. परंतु ते पाहायचे ते प्रवाशानेच, पेटी ओढत ओढत. अण्णांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे देवळात जायचं ते गाडी पकडता पकडता."

तरीही रविवारी संध्याकाळी आम्ही निघालो. जवाहर सर्कलपाशी रिक्षा सोडली. तेथील पत्रिका गेटच्या रंगीत कमानींखाली छायाचित्रे काढणाऱ्यांची झुंबड होती. अण्णांनी तिकडे पाहिल्यासारखे केले आणि चालायला लागले. सांगानेरच्या या विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला तो डिसेंबर २००५ च्या अखेरीस, आणि समोर दिसते ती दुसऱ्या टर्मिनलची इमारत उघडली १ जुलै २००९ रोजी. दगडी कामात राजस्थानी वळण ठेवण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. अण्णांनी मान हळूहळू फिरवत ती इमारत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुकड्यातुकड्याने पाहिली. मग दरवाजाशी गेलो.

पहाऱ्यावरच्या जवानाने तिकीट विचारले. मी खरे ते सांगितले, की पिताजींना विमान दाखवायचे आहे. तो तरुण होता. हसला नाही, रागावलाही नाही. अण्णांकडे पाहून म्हणाला, "बाबूजी, यहाँ से जहाज़ किसी को नहीं दिखता. बाहर सड़क से दिखेगा." अण्णांनी त्याला नमस्कार केला. त्याने उलट नमस्कार केला.

जवानाला दोष देण्यात अर्थ नव्हता. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान अपहरण करून कंदाहारला नेण्यात आले, आणि त्यानंतर देशातील विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्याचे ठरले. त्या दलाने सर्वांत पहिला विमानतळ ताब्यात घेतला तो ३ फेब्रुवारी २००० रोजी, आणि तो हाच, जयपूरचा. सज्जे मात्र एका दिवसात किंवा एका हुकुमाने गेले नसावेत. भय वाढत गेले, तसतसे बघे दूर सारले गेले. हे अण्णांना समजावून सांगू लागलो तर ते म्हणाले, "कळतं रे. मी काय तक्रार करतोय?" परतताना मात्र ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे हवामहाल. मी इतक्या वेळा तो दाखवला आहे की वाक्ये आपोआप बाहेर पडतात: सवाई प्रतापसिंह, १७९९, लहानमोठ्या ९५३ खिडक्या, ज्या राजस्त्रियांना रस्त्यावर उतरण्याची मुभा नव्हती त्यांना मिरवणुका दिसाव्यात म्हणून. त्या दिवशी हे शेवटचे वाक्य माझ्याच कानांना नव्याने ऐकू आले. पडदा ही काही गौरवाची गोष्ट नव्हे. पण ज्यांना जाता येत नाही त्यांना निदान पाहता यावे, एवढी सोय एका राजाने दगडात करून ठेवली. आणि त्या झरोक्यांच्या महिरपी ज्या विमानाने अंगावर मिरवल्या, ते पाहण्याची सोय मुंबईत एका गिरणीकामगाराला होती. आज ती त्याच्या पदवीधर नातवाला नाही. अण्णा एका वीतभर खिडकीला डोळा लावून खालच्या बाजाराकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "इथून मला तुझ्याइतकंच दिसतं."

मंगळवारी कार्यालयात ही गोष्ट सहज निघाली, तेव्हा आमच्या विभागातील एका सहकाऱ्याने सांगानेरच्या आपल्या घरी बोलावले. त्याचे घराणे छिप्यांचे. लाकडी ठशांनी कापड छापण्याचा धंदा भाऊ अजून चालवतात. विमानतळ झाला त्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून सांगानेर या छपाईसाठी आणि हातकागदासाठी ओळखले जाते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी अण्णांना घेऊन गेलो. गच्चीवर दोऱ्यांवरून पांढऱ्या जमिनीवर बारीक बुट्ट्यांचे कापड वाळत होते. संक्रांत नुकतीच झालेली. शेजारच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते. सहकाऱ्याच्या आईने चहा आणि कांद्याची कचोरी वर पाठवली, आणि पाठोपाठ दुधात भिजवलेली फिणी. विमानतळावरच्या कोणत्याही उपाहारगृहाने असे आतिथ्य केले असते असे मला वाटत नाही.

विमान येई तेव्हा आधी आवाज येई. आम्ही सगळे डोळ्यांनी शोधत असू. अण्णा डोळे मिटून कान देत, मग त्या दिशेला तोंड वळवून डोळे उघडत, आणि विमान त्यांच्या नळीत बरोबर सापडे. एकदा सापडले की ते सोडत नसत. दीड तासात सात विमाने झाली. पाचव्याची चाके मोजता येतील इतके ते खाली आले तेव्हा कापडाच्या दोऱ्या थरथरल्या, आणि अण्णांनी माझा दंड घट्ट धरला. सहकाऱ्याची लहान पुतणी त्यांना विचारत होती की विमानातले लोक खाली पाहतात का. अण्णांना हिंदी बेताचेच येते. ते म्हणाले, "देखते होंगे. मैं कभी बैठा नहीं."

त्या रात्री मी परतीचे तिकीट काढायला बसलो. अण्णांच्या डोळ्यांपुढे जयपूर-मुंबई सुपरफास्ट होती: दुपारी बसावे, सकाळी मुंबई सेंट्रलला उतरावे. मी विमानाचे दर पाहत होतो. दिवाळीला आम्हाला जो ६,९०८ रुपयांचा तदर्थ बोनस मिळतो त्याला मी हात लावला नव्हता, आणि तिकीट त्यात बसत होते. अण्णांनी ऐकताच नाही म्हटले. एवढ्या पैशांत महिन्याचा किराणा येतो, असे ते म्हणाले. वृद्ध माणसांच्या या हिशेबाला उत्तर नसते, कारण तो बरोबर असतो. शेवटी मी म्हणालो, "अण्णा, सज्जा बंद झालाय. आता आतूनच बघायचं राहिलं." ते गप्प झाले. उशी नीट केली, दिवा मालवला, आणि अंधारात विचारले, "खिडकी मिळेल?"

खिडकीचे थोडे पैसे जास्त पडले. ते मी त्यांना सांगितले नाही.

निघण्याच्या दिवशी दरवाजावर दुसरा जवान होता. अण्णांनी तिकीट आणि आधार कार्ड एकत्र धरून पुढे केले, शाळेत प्रगतिपुस्तक दाखवावे तसे. आत गेले. मागे वळून पाहिले नाही. वळून पाहिले असते तरी कडेला उभा असलेला मी त्यांना दिसलो नसतो. काचेतून त्यांची टोपी थोडा वेळ दिसली, मग गर्दीत मिसळली. मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. दोन विमाने गेली. त्यांतले त्यांचे कोणते, ते कळले नाही.

रात्री फोन आला. सुखरूप पोचल्याचे सांगून झाल्यावर मी अधीरपणे विचारले, "खिडकी मिळाली ना?"

"मिळाली की. पण शेजारी एक पोरगी होती, सहा-सात वर्षांची. तिला दिली."

मला राग आला. "अण्णा, अहो, त्याच्यासाठीच तर..."

"अरे, तिला सगळं दिसत होतं. ती सांगत होती, मी ऐकत होतो. डोंगर म्हणाली, नदी म्हणाली, मग नुसते ढग. निघाल्या निघाल्या मी तिला विचारलं, गच्चीवर वाळत घातलेलं कापड दिसतंय का बघ. तर नाही म्हणाली." ते थोडे थांबले. "आणि चहा नाही हो घेतला. सूनबाईनं गुळपोळ्या दिल्या होत्या, त्या खाल्ल्या. त्या पोरीलाही एक दिली."