कन्हान ते अमरावती : दोरीवरच्या मुली पाहायला

कन्हान हे नाव नागपूरकडच्या माणसाला ठाऊक असतं ते नदीमुळं आणि कोळशामुळं. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं निघावं, कामठीची छावणी मागं टाकून पूल ओलांडावा, की आमचं गाव लागतं. नागपूर शहर ह्याच नदीचं पाणी पितं. आसपास कोळशाच्या खाणी, त्यामुळं वाळत घातलेले कपडे घरात घेताना एकदा झटकावेच लागतात. रामटेकला जाणारा रेल्वेचा फाटाही कन्हानलाच फुटतो. म्हणून पाहुणे आले, की त्यांना रामटेकचा गड आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस दाखवायचं, असा आमच्याकडे ठरलेला कार्यक्रम.

यंदा आलेली पाहुणी मात्र ह्या दोन्ही जागा लहानपणापासून पाहिलेली. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बर्लिनला नोकरी करते, तीन आठवड्यांच्या रजेवर आली होती. लग्न जमण्याच्या बेतात आहे, म्हणून आई-वडिलांनी बोलावून घेतलेली. ही पोर तिथं ऑफिस सुटलं, की आठवड्यातून दोनदा 'कापोएरा' शिकायला जाते. मागच्या उन्हाळ्यात तिथल्या एका जत्रेत, भर रस्त्यावर, तिनं तो खेळ करूनही दाखवला. त्याचा व्हिडिओ मुलाकडच्यांनी पाहिला. मुलाची आई एवढंच म्हणाली, "छान आहे, पण लग्नानंतर हे उलट्या उड्यांचं बंद होईल ना?"

तेव्हापासून पोर गप्प होती.

कापोएरा म्हणजे काय?

मलाही माहीत नव्हतं. तिनं अंगणात करून दाखवलं, तेव्हा कळलं. हा ब्राझीलचा खेळ. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांनी तिथं तो वाढवला. धड नाच नाही, धड कुस्ती नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी. पाय सतत मागंपुढं झुलत राहतात, त्याला 'जिंगा' म्हणतात. त्या झुलण्यातूनच अचानक लाथ निघते आणि समोरचा वाकून ती चुकवतो. अंगाला अंग लागू न देणं ह्यातच कसब. साथीला 'बेरिंबाऊ' नावाचं वाद्य असतं : धनुष्यासारखी वाकवलेली काठी, तिला ताणलेली एक तार आणि खाली बांधलेला भोपळा. फोटो पाहून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अवो, हे तं आपल्या एकतारीचंच भावंड दिसून राह्यलं!"

ब्राझीलमध्ये गुलामगिरी 1888 साली संपली. पण 1890च्या फौजदारी कायद्यानं कापोएरा खेळणं गुन्हा ठरलं. पुढे 1932 साली साल्व्हादोर शहरात मेस्त्रे बिंबा नावाच्या गुरूनं त्याची रीतसर शाळा काढली, आणि 2014 साली युनेस्कोनं कापोएराच्या रिंगणाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. ज्या खेळासाठी तुरुंग होता, तो आता देशाचं भूषण आहे.

रिंगणाचं ऐकून मला मंगळागौर आठवली. तिथंही सगळे गोल उभे राहतात, एकजण गाण्याची ओळ घेतो, बाकीचे ती झेलतात आणि मध्ये जोडी खेळते. आपल्या झिम्मा-फुगडीत आणखी काय असतं? अंगात रग असेपर्यंत बायकांनी मनसोक्त खेळून घ्यावं, ह्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांनी एक अख्खी रात्र राखून ठेवली होती. लग्न झालेल्याच मुलींसाठी, हेही ध्यानात घ्या.

भाची म्हणाली, "मावशी, तिथं मला विचारतात, तुमच्याकडचं असं काय आहे? मी योगासनं म्हणते आणि गप्प बसते."

म्हटलं, "चल. अमरावतीला जाऊन येऊ."

अमरावतीच्या वाटेवर

सकाळी साडेसहाला निघालो. कन्हानहून नागपूर वीसेक किलोमीटर आणि तिथून अमरावती दीडशेच्या आसपास. आम्ही एस.टी. धरली. कोंढाळी गेलं, की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात. पुढे तिवसा आणि मग मोझरी. मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम अगदी रस्त्यालगत आहे, तिथं उतरून दर्शन घेतलं. शिदोरीला दशम्या, लसणाची चटणी आणि घट्ट दही नेलं होतं. दशमी दुधात भिजवली, की दोन दिवस नरम राहते. प्रवासात पोळीपेक्षा तीच बरी.

अमरावतीत आधी अंबादेवी आणि एकवीरा. दोन्ही देवळं शेजारीशेजारी. मग हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, 1914 साली हा आखाडा सुरू केला. आता तिथं मोठाली मैदानं आहेत, शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे, देशभरातली मुलं-मुली शिकायला येतात.

ह्याच आखाड्याचं पथक 1936 साली ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामाचे खेळ दाखवायला जर्मनीला गेलं होतं. त्यांनी तिथं हुतूतू खेळून दाखवली, मल्लखांब करून दाखवला. इंग्रजांचं राज्य होतं, बोटीचा प्रवास होता, आणि ही मंडळी वऱ्हाडातून उठून थेट बर्लिनला!

"बर्लिनला?" भाचीनं दोनदा विचारलं. "मी राहते तिथं?"

"तिथंच. तुझ्या आधी ऐंशीहून जास्त वर्षं."

खांब आणि दोरी

संध्याकाळी सराव पाहिला. मल्लखांब म्हणजे साग किंवा शिसवीचा गुळगुळीत खांब. खाली जाड, वर निमुळता, मग बारीक मान आणि शेंड्याला बोंड. हात सटकू नये आणि कातडीही सोलवटू नये म्हणून त्याला एरंडेल चोळतात. ह्या विद्येचे आद्य गुरू म्हणून बाळंभटदादा देवधरांचं नाव घेतात. ते दुसऱ्या बाजीरावाच्या काळचे. नाशिकजवळच्या सप्तशृंगीच्या डोंगरात माकडांच्या उड्या पाहून त्यांना ही विद्या सुचली, अशी कथा सांगतात.

मुली मात्र दोरीवर होत्या. पूर्वी दोरीच्या जागी वेत असे. सुताची दोरी वर आढ्याला बांधलेली, खालचं टोक मोकळं. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी धरून मुलगी सरसर वर चढते, अंगाभोवती वेढा घेते आणि हात सोडून देते. गाठ कुठंच मारायची नाही, हा नियम. सगळा भार वेढ्यावर आणि श्वासावर. दहा-अकरा वर्षांची एक चिमुरडी वर पद्मासन घालून बसली, तेव्हा माझेच तळहात ओले झाले.

ह्या दोरीवरच्या कसबासाठी मुंबईच्या हिमानी परबला 2021चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तिच्या आधी मल्लखांबाला हा मान कधी मिळाला नव्हता. पहिला मान एका मुलीनं आणला! मुंबईच्या शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी जन्मभर हा खेळ शिकवला, परदेशी विद्यार्थी तयार केले. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2019च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक स्पर्धाही शिवाजी पार्कवरच झाली. पंधरा देशांचे खेळाडू आले होते, त्यात जर्मनीचेही.

मैदानाच्या कडेला एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांची सून दोरीवर होती, चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई. मी न राहवून विचारलं, "मंगळसूत्र, बांगड्या?"

"काढूनच चढावं लागते नं बाई," त्या म्हणाल्या. "दोरीत अडकलं तं गळा कापेल, काच फुटली तं मनगट. पहिल्या दिवशी तिनं मले विचारलं, आई, काढू का? म्या म्हटलं, आण इकडं, मी धरून बसतो. तवापासून माह्याच पदरात असते." त्यांनी पदराची गाठ दाखवली आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली.

भाची ते ऐकत होती. परतीच्या गाडीत ती एकच वाक्य बोलली, "मावशी, मी लग्नाला नाही म्हणत नाहीये. मला फक्त कुणीतरी धरून बसायला हवंय."

तुम्हांला जायचं असेल तर

नागपूरहून एस.टी.नं तीन-साडेतीन तास धरावेत. मुंबईकडच्या रेल्वेगाड्या बडनेऱ्याला थांबतात. तिथून अमरावती दहाएक किलोमीटर. ऊन फार कडक असतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. सराव सकाळी लवकर आणि संध्याकाळी असतो. आधी विचारून जावं. देवीचं दर्शन झालं, की अमरावतीचा गिला वडा जरूर खावा.

घरातल्या मुलीला दोरी शिकवायची असेल, तर ती जाणत्या शिक्षकाकडेच, खाली गादी असताना. घरी पंख्याच्या हुकाला दोरी बांधण्याचा उद्योग कुणी करू नये. अंगाला घट्ट बसणारे सुती कपडे घालावेत. सैल ओढणी, दागिना, केसांची पिन काही नको. दोरीनं मांडीवर, पोटरीवर सुरुवातीला वळ उठतात. रात्री खोबरेल तेल लावावं.

आणि परदेशी जाणारी मुलगी असेल, तर आणखी एक. खांब विमानात नेता येत नाही. दोरी कपड्यांच्या बॅगेत मावते. भाचीनं परत जाताना लोणच्याची बरणी काढून तिच्या जागी दोरी भरली. बर्लिनला आधी रीतसर शिक्षक शोधायचा, असं तिनं मला वचन दिलंय.

लग्नाची बोलणी अजून चालू आहेत. खेळ सुटणार नाही, हे तिनं मुलाच्या आईला फोनवर स्वतः सांगितलं. त्या म्हणाल्या, विचार करून कळवते. मला त्यांचा राग नाही. त्यांच्या वेळी त्यांना कुणी विचारलंच नसेल. पण आपल्या घरात येणारी मुलगी काय काय सोडून येणार, ह्याची यादी करण्याआधी ती काय घेऊन येते आहे, हे एकदा पाहायला काय हरकत आहे?