सचेतनपटाचा आस्वाद : रेषा, रंग आणि शैली



कथा, कविता, नाटक यांच्या आस्वादानंतर आपण पाच-दहा मिनिटांच्या सचेतनपटाकडे, म्हणजे अ‍ॅनिमेशनपटाकडे वळत आहोत. ‘ही तर मुलांची कार्टून’ असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु या कलेशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. दादासाहेब फाळके यांनी 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. अशी चित्रे सलग दाखवली की निर्जीव काड्या हलू लागतात. हे तत्त्व आजही तेच आहे. शैली मात्र कलावंतागणिक बदलते.

शैलीचा पहिला धडा मला आईकडून मिळाला. तिला अक्षरओळख नव्हती, हिंदीही जेमतेम कळे. दूरदर्शनवर फिल्म्स डिव्हिजनचा ‘एक अनेक और एकता’ (1974) लागला की ती हातातले काम बाजूला ठेवी. विजया मुळे यांच्या या लघुपटाचे सचेतनीकरण भीमसेन यांनी केले होते. जाळ्यासह उडणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट तिला ठाऊकच होती. तरी ती पाही. एकदा म्हणाली, “चार रेघांत लेकरू उभं केलंय की रं!” पुढे भाषाविज्ञान शिकवताना मी शैलीच्या कितीतरी व्याख्या सांगितल्या. काय ठेवले आणि काय गाळले यातून शैली घडते, हे त्या वाक्याइतके नेमकेपणाने मला कोठे आढळले नाही. आईच्या रसिकतेला शब्द होते. ते टिपून घेणारा वर्ग तिला लाभला नाही.

आता शैलींचे वैविध्य पाहा. गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ (2006) या हाताने रंगवलेल्या लघुपटात महानगरातील एकाकी वृद्धेचे जग करडे आहे. काडेपेट्यांवरील चित्रांत ती शिरते, तेव्हा पडदा रंगांनी भरून जातो. तेथे रंगच निवेदन करतो. नीना सबनानी यांनी ‘मुकंद अँड रियाज’मध्ये फाळणीने दुरावलेल्या दोन मित्रांची कथा कापडाच्या तुकड्यांतून मांडली. तुटणे आणि जोडणे हा आशय त्या माध्यमातच सामावलेला आहे. कॅनडातील नॉर्मन मॅकलरेन यांनी ‘नेबर्स’ (1952) मध्ये जिवंत माणसेच बाहुल्यांसारखी एकेका चित्राने हलवली आणि शेजाऱ्यांचे भांडण युद्धाइतके भीषण करून दाखवले.

आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांची ‘पासोडी’ आहे. सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरणाचा सूक्ष्म विषय आकृत्यांसह उलगडला. ती पाहताना वाटते, शब्द आणि चित्र यांत आपल्या परंपरेने भिंत घातली नव्हती. ती पुढे अभ्यासक्रमांनी घातली.

आपल्यापैकी अनेकजण नोकरी, शेती, संसार सांभाळून, बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर शिकत आहात. ‘आम्हाला समीक्षेची भाषा येत नाही’ अशी खंत मी संपर्क सत्रांत नेहमी ऐकतो. तेव्हा एवढेच करा. एखादा सचेतनपट प्रथम सलग पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा. रेषा जाड की बारीक, रंग कधी बदलला, काय दाखवलेच नाही, हे वहीत टिपा. घरात बोलता त्या मराठीत टिपा. पारिभाषिक संज्ञा पुढील घटकात येतील. तुमचे निरीक्षण तोवर वहीत आलेले असले, म्हणजे त्या संज्ञांना काही अर्थ राहील.